मावशीच्या ताटात काय असावे

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे इंदूरहून आलेले पत्र मिळाले. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मावशीला आजी रोज आग्रहाने डिंकाचा आणि अळिवाचा लाडू खायला घालते. पण पोह्यांवर जीरावण, म्हणजे इंदुरी मसाल्याची पूड, भुरभुरू देत नाही, कोबी आणि हरभऱ्याची डाळ वर्ज्य करते, आणि आईने खाल्लेले बाळाला बाधते असे म्हणते. हे खरे का, असे तू विचारले आहेस. आजी जे खायला घालते ते बहुतेक उत्तम आहे. ती जे बंद करते त्यातले बरेचसे मात्र विनाकारण आहे, असे माझे मत आहे.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची शिफारस सांगते. तुपात फुलवलेला डिंक, खोबरे, खारीक, गोडंबी आणि गूळ एकत्र आले, की रात्री चारदा उठणाऱ्या आणि धड जेवायलाही वेळ न मिळणाऱ्या बाईच्या पोटात चार घासांत पुष्कळ सत्त्व जाते. अळिवात लोह भरपूर असते, आणि बाळंतपणात रक्त गेलेले असल्याने ते हवेच असते. मेथीने दूध वाढते असे म्हणतात, त्याला मात्र भक्कम पुरावा नाही; दूध वाढते ते बाळाला वारंवार आणि नीट पाजल्याने. मधुमेहाचे औषध चालू असेल तर मेथी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण तिने रक्तातील साखर उतरू शकते.

आता कोबी आणि डाळ. त्यांतला न पचलेला भाग आईच्या मोठ्या आतड्यात जंतूंमुळे आंबतो आणि तिथे वायू होतो. तो वायू दुधात उतरत नाही. चव आणि वास मात्र उतरतात. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आयांनी लसूण खाल्ल्यावर त्यांची बाळे नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगाला चिकटून राहिली. त्यामुळे चिमूटभर जीरावणाने मावशीचे स्वतःचे पोट बिघडत नसेल, तर बाळासाठी ते टाळण्याचे कारण नाही. पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ बाळे संध्याकाळी रडतात, आणि त्याचा दोष दर वेळी आईच्या ताटावर टाकण्याची आपली रीत मला मुळीच आवडत नाही. अपवाद एवढाच, की थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनांचा त्रास होतो. शीमध्ये रक्त दिसले किंवा अंगावर चट्टे उठून राहिले तर डॉक्टरांना दाखवावे, पण नुसत्या शंकेवरून मावशीचे दूध-दही बंद करू नये.

चहा चालेल, पण बेताने. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन निर्धोक मानले. साध्या कपभर चहात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते, कॉफीत बरेच जास्त. तान्ह्या बाळाच्या शरीरातून ते बाहेर पडायला काही दिवस लागतात, म्हणून पहिल्या महिन्यात आणखी जपावे. इथे मेलबर्नमध्ये पाजणाऱ्या आयांना शार्क आणि स्वोर्डफिश फार क्वचित खायला सांगतात, कारण त्यांत पारा जास्त असतो. इंदूरच्या घरात तो प्रश्नच येत नाही.

आजीच्या यादीत नसलेल्या गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. दारू आणि तंबाखू टाळायलाच हवीत, आणि घरातल्या कुणाची सिगारेटही बाळापासून दूर हवी. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, पण कोडीन (अफूच्या वर्गातले वेदनाशामक) असलेली गोळी किंवा खोकल्याचे औषध घेऊ नये. दुकानातून आणलेला काढादेखील, बाळ अंगावर पीत आहे हे डॉक्टरांना सांगून, विचारूनच घ्यावा.

बाळाला सहाणेवर उगाळलेली घुटी किंवा मध चाटवत असतील, तर ते मात्र थांबायला हवे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, इंदूरच्या मे महिन्यातही वरचे पाणी नको, कारण त्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. आणि मधातून होणाऱ्या बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या धोक्यामुळे वर्षाच्या आतील बाळाला मध देत नाहीत. हे आजीला तू सांगू नकोस. मी रविवारी फोनवर तिच्याशी बोलेन.

तुझी,
आई