'सिम्बॉल'चं 'चिन्ह' करावं का?

प्रोग्रॅममधल्या चुका शोधताना, म्हणजे डीबग करताना, लागणाऱ्या 'डीबग सिम्बॉल्स'ना 'दोषचिन्हे' म्हणावं का, आणि ही माहिती साठवण्याच्या 'ड्वार्फ' या साच्याला मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न आला आहे. पहिला शब्द टाळावा आणि दुसऱ्याला हात लावू नये, असं मला वाटतं.

चिन्ह म्हटलं की बेरजेचं, विरामाचं नाहीतर निवडणुकीचं आठवतं. 'दोषचिन्हे' तर आजाराची लक्षणं वाटतात. कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. त्याच्या जगात सिम्बॉल म्हणजे नाव, एखाद्या फंक्शनचं किंवा ग्लोबल व्हेरिएबलचं (साऱ्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या, किंमत साठवणाऱ्या जागेचं). सिम्बॉल टेबलात त्या नावासमोर त्याचा मेमरीतला पत्ता आणि आकार असतो. या टेबलाला सरळ 'नामसूची' म्हणावं.

पण डीबगरला, म्हणजे चुका शोधायच्या साधनाला, लागतं ते सगळं या सूचीत नसतंच. फंक्शनच्या आतलं 'वजन' हे लोकल व्हेरिएबल तिथे सापडत नाही, मग ते पूर्णांक की अपूर्णांक हे कुठून कळणार? जीसीसी या कंपायलरला 'जी' हा पर्याय दिला, की लिनक्सवरच्या ईएलएफ फाइलीत (चालवायचा प्रोग्रॅम ज्या साच्यात साठवतात त्या फाइलीत) ही माहिती वेगळ्या कप्प्यांत भरली जाते. 'डीबग_इन्फो'मध्ये नोंदींचं झाड असतं: सोर्स फाइल, तिच्या पोटात फंक्शन, त्याच्या पोटात व्हेरिएबल. कुठला पत्ता मूळ कोडच्या कितव्या ओळीतून आला, ते 'डीबग_लाइन' सांगतो. हा तक्ता जसाच्या तसा लिहिला तर फार जागा खाईल. म्हणून 'पत्ता इतका पुढे, ओळ इतकी पुढे' अशा बारीक सूचना साठवतात, आणि डीबगर त्या चालवून तक्ता पुन्हा उभा करतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

या साऱ्याला मी 'डीबग नोंदी' म्हणेन. सातबाऱ्यावर कुठला तुकडा कोणाचा आणि त्यात काय पिकतं हे कळतं, तसं इथे कुठला पत्ता कोणत्या फंक्शनचा आणि तिथल्या किमतीचा प्रकार काय हे कळतं. मायक्रोसॉफ्टचे कंपायलर हीच माहिती वेगळ्या पीडीबी फाइलीत ठेवतात. तिलाही 'नोंदी' हा शब्द चालतो.

ईएलएफचा उच्चार 'एल्फ', म्हणजे युरोपी परीकथांमधला एक जीव. १९८०च्या दशकात युनिक्स सिस्टिम फाइव्हसाठी हा साचा घडला, तेव्हा त्याच्या जोडीला डीबग नोंदींच्या साच्याला त्याच कथांमधल्या बुटक्याचं, ड्वार्फचं नाव दिलं. आद्याक्षरांना जुळणारं लांबलचक इंग्रजी नाव मागाहून बसवलं. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ची. 'बुटका' केलं तर कोटी जाईल आणि ओळखही.

'स्ट्रिप'साठी, म्हणजे फाइलीतून ही नामसूची आणि नोंदी काढून टाकण्यासाठी, मात्र 'सोलणे' आहे. शेंग सोलली तरी दाणा शाबूत राहतो, तशी सोललेली फाइल पूर्वीसारखीच चालते. क्रॅश झाली, की डीबगर फंक्शनच्या नावाऐवजी नुसता पत्ता दाखवतो.