ग्लॉक १९ हे पिस्तूल स्वसंरक्षणासाठी खरंच इतकं चांगलं आहे का? वापरणारे काय म्हणतात?

कौतुक करणारे बहुतेक एकाच मुद्द्यावर येतात: चाप ओढला की गोळी सुटते, नखरे नाहीत. १९८८ साली आलेलं हे ९ मिमीचं पिस्तूल. मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, आणि फ्रेम पॉलिमरची असल्याने कमरेला फार जड होत नाही.

तक्रारीही ठरलेल्या. मुठीचा कोन बऱ्याच जणांना रुचत नाही, नेम धरताना नळी किंचित वर जाते म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या साइट्स (नेम धरायच्या खुणा) तर चाहतेसुद्धा बदलून टाकतात.

खरा वाद सेफ्टीचा. अंगठ्याने लावायचा खटकाच नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती दाबली गेली तरच चाप मागे जातो. शिवाय साफसफाईसाठी खोलताना चाप ओढावाच लागतो, म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही तपासायचं. माझं स्पष्ट मत: चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) नसेल तर हे पिस्तूल जवळ बाळगूच नये. ढिल्या होल्स्टरची कड किंवा शर्टाचं टोक चापात अडकलं तरी गोळी सुटू शकते.