वाचलेले ऐनवेळी का आठवत नाही?

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले आहे. सर्पदंश आणि विंचूदंशाचे उपचार रोज रात्री वाचते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढते. तरी रुग्ण समोर आला की सगळा क्रम विस्कटतो. माझी स्मरणशक्तीच कमी पडते का?

उत्तर : स्मरणशक्तीत खोट नाही, बदलायला हवी ती अभ्यासाची रीत. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि तो आपल्याला येतो असे वाटू लागते. रुग्णासमोर मात्र पुस्तकाविना आठवावे लागते आणि त्याचा सराव वाचनाने होत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवले.

म्हणून पुस्तक उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि फुरसे हा विषारी साप चावलेला रुग्ण आला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करीन, ते क्रमाने लिहा. चुकले तेवढेच मग वाचा, आणि दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने हाच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. विषामुळे रक्त गोठेनासे झाले आहे का, हे पाहणारी रक्त गोठण्याची चाचणी तर परिचारिकांसोबत प्रत्यक्ष करून पाहा : काचेची नवी, कोरडी नळी, दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटे न हलवता. साबणाने धुतलेल्या नळीत निष्कर्ष चुकू शकतो, हे हाताने काम करताना जसे मनात ठसते तसे वाचून ठसत नाही.

जिथे कारण समजते तिथे क्रमही टिकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरले, ते विषामुळे शरीरात उसळणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ते औषध रोखते म्हणून. एवढे पक्के असेल, तर घामाघूम, हातपाय गार पडलेला रुग्ण पाहताच पुढची पायरी सुचते.

आणखी एक सावधगिरी हवी. फुरशाचे रुग्ण वारंवार पाहिले की मन दंशाच्या जागी सूज शोधू लागते. मण्यारीच्या दंशात ती बहुधा नसते आणि रुग्ण पोटदुखी किंवा जड झालेल्या पापण्या घेऊन येतो. सरावाच्या प्रश्नांत असे रुग्ण मुद्दाम मिसळा. औषधांच्या मात्रा मात्र पाठ असल्या तरी आठवणीवर सोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्या ठळक अक्षरांत लिहून आपत्कालीन औषधांच्या कपाटावर लावा आणि प्रत्येक वेळी परिचारिकेला मोठ्याने वाचायला सांगा.