छोटी हत्यारे अंगावर बाळगताना

आपण सुतारकामास नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून प्रथम हे सांगतो की पटाशी किंवा पेचकस पँटच्या खिशात कधीही ठेवू नये. वाकताना टोक मांडीत शिरते. बडोद्याच्या मकरपुऱ्यातील कारखान्यात मी अनेक वर्षे गळ्यात अडकवायचा एप्रन वापरला आणि संध्याकाळी दांडिया बाजारात घरी पोहोचेपर्यंत मान पार आखडून जात असे. पुढे पट्टे पाठीवर फुलीसारखे घेऊन कमरेशी बांधले, तेव्हा मानेवरचा भार खांद्यांवर विभागला गेला आणि तो त्रास थांबला. आपणही जाड कॅनव्हासचा तसाच एप्रन शिवून घ्यावा. छातीवरच्या अरुंद कप्प्यात पेन्सिल आणि १५ सेंटिमीटरची पोलादी पट्टी असावी, कारण ही दोन्ही सतत लागतात. खालच्या खिशांच्या कोपऱ्यांत लहानशी फट ठेवण्यास शिंप्याला आवर्जून सांगावे, म्हणजे भुसा साचत नाही. ड्रिल मशीन किंवा लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) उभे राहण्यापूर्वी बंदांची लोंबती टोके आत खोचावीत. फिरत्या भागात ती गुंतली तर माणूस ओढला जातो. हातोडी आणि पटाश्या मात्र टेबलावरच्या मांडणीतच ठेवाव्यात.