आधी पाणी, मग पोर्ट, मग लेन्स

वाचक विचारतात : पाण्याखालचं छायाचित्रण

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ आणि वेगळी घेतलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. मुंबईतल्या एका डायव्हरकडून जुनं ॲल्युमिनियमचं हाउसिंग (कॅमेरा पाण्यात न्यायची जलरोधक पेटी) घेतलं, त्याला सपाट पोर्ट (लेन्सपुढची खिडकी) आहे. दिवाळीनंतर तारकर्ली आणि पुढच्या वर्षी जमलं तर अंदमान असा बेत आहे. डोम, म्हणजे घुमटासारख्या गोल पोर्टापुरते पैसे बाजूला काढलेत. कोणता घेऊ? त्यात ५० एमएम चालेल ना?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ५० एमएम घरीच ठेवा. जमिनीवर गुणाची लेन्स आहे, पण पाण्यात ती ना पुरेशी रुंद, ना पुरेशी जवळ जाणारी. आणि डोम? तोही आत्ता घेऊ नका. का ते सांगते.

पोर्ट म्हणजे कॅमेऱ्यापुढची नुसती काच, असं दुकानदारसुद्धा समजतात. हाउसिंग पाण्यात गेलं की तो लेन्सचाच भाग होतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १. त्यामुळे सपाट पोर्टातून मासा खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आल्यासारखा दिसतो आणि चौकटीत त्या प्रमाणात मोठा भरतो. तुमची १८ एमएम हवेत साधारण ७६ अंश बघते, सपाट पोर्टामागे तेच ५५ च्या आसपास येतं. शिवाय कडांना रंगांची झालर लागते. कितीही रुंद लेन्स घातलीत तरी सपाट पोर्टातून ९७ अंशांपलीकडचं दिसतच नाही, तिथे खर्च करून उपयोग नाही.

मॅक्रोवाल्यांना, म्हणजे छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांना, मात्र हेच पथ्यावर पडतं. त्यांना चौकट अरुंदच हवी असते, आणि कोन लहान असला की ती झालरही फारशी उमटत नाही.

आता पाणी बघा. तारकर्लीला अंदमानचं निळंशार पाणी मिळणार नाही. शेजारीच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, गाळ येतो, लाटांनी वाळू उठते. दिवाळीनंतर जाताय ते ठीक, पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंदच असतं. पण चांगल्या दिवशीही दहा फुटांवरचा मासा धुक्यातलाच यायचा, आणि तो धूसरपणा नंतर लाइटरूमसारख्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जेवढं पाणी कमी, तेवढा फोटो स्वच्छ. पाणी कमी करायचे मार्ग दोनच : छोट्या जिवाला मॅक्रो, नाहीतर मोठ्या जिवाच्या तोंडाशी फिशआय, म्हणजे अतिशय रुंद कोनाची लेन्स.

सपाट पोर्ट तुमच्याकडे आहेच. म्हणून डोमच्या पैशातून सेकंडहँड ६० एमएम मॅक्रो बघा, १:१ जाणारी, म्हणजे जीव सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवणारी. १०० किंवा १०५ कितीही मोहात पाडो, क्रॉप सेन्सरवर ती लांब पडते आणि त्या लांबीएवढं गढूळ पाणी मध्ये येतं. घेण्याआधी फक्त पोर्टाची लांबी मोजा. लेन्स आत मावली पाहिजे, आणि तिचं तोंड काचेपासून बोटभर अंतराच्या आतच हवं. फार मागे राहिली तर पोर्टाच्या नळीतला तेवढा पल्ला फुकट जातो आणि जवळचा फोकस काचेच्या आतच संपतो.

अंदमान ठरलं की मग डोम. तिथे एक गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो : डोममागची लेन्स खरा मासा बघतच नाही, डोमने पुढ्यात उभी केलेली त्याची प्रतिमा बघते. अगदी अनंतावरच्या वस्तूची प्रतिमासुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. आठ इंची, म्हणजे सुमारे १०० एमएम त्रिज्येच्या डोममध्ये ती ३० सेंटिमीटरवर आली. चार इंचीत १५ वर! बाकी सगळा समुद्र त्याच्याही अलीकडे. तुमची १८-५५ सेन्सरपासून साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणजे छोट्या डोममध्ये पुढे क्लोजअप भिंग चढवल्याशिवाय ती नुसती घरघरत बसेल. फिशआयचं तसं नाही. टोकिना १०-१७ चं उदाहरण घ्या, १४ सेंटिमीटरवर फोकस होते, म्हणूनच क्रॉपवाले डायव्हर वर्षानुवर्षं तीच वापरत आले. (निकॉनवाल्यांनी आपल्या बॉडीत फोकसची मोटर आहे का ते बघावं, त्या लेन्समध्ये नाही.) छोटा डोम, फिशआय आणि शेजारी दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश), हा संच प्रवाळाच्या फटीतही शिरतो.

साधी रुंद लेन्स हवीच असेल तर मोठा डोम लागतो, आणि त्याच्यासोबत योग्य लांबीची एक्स्टेंशन रिंग, म्हणजे डोम लेन्सपासून पुढे सरकवणारी कडी. लेन्समध्ये प्रकाश जिथून शिरतोसा दिसतो तो बिंदू डोमच्या गोलाच्या केंद्रावर यावा लागतो. पाच-दहा मिलिमीटरची चूक झाली तरी कोपरे ओघळतात. कंपनीचा पोर्ट-तक्ता बघा, पण त्यावरच विसंबू नका. तरणतलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढून सकाळी गर्दी नसताना उतरा आणि भिंतीच्या टाइल्सचा समोरून फोटो घ्या. एफ ५.६, ८, ११ असे लागोपाठ (आकडा वाढतो तसं लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान होतं). मधल्या सांध्यातलं पांढरं सिमेंट दिसतंय आणि कोपऱ्यातल्या टाइल्स केंद्रापासून बाहेर ताणल्यासारख्या विरघळल्यात? ११ लाही तशाच असतील तर रिंग बदला. ८ ला सावरत असतील तर घेऊन टाका, डोमची प्रतिमा मुळातच वक्र असते, थोडं ॲपर्चर मिटावंच लागतं.

प्रश्न : ॲक्रिलिक डोमला बाहेरून ओरखडा आलाय. वाया गेला का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : मुळीच नाही. बाहेरच्या ओरखड्यात पाणी भरतं, आणि ॲक्रिलिक नि पाणी यांच्या अपवर्तनांकात फरक कमी, त्यामुळे डायव्हमध्ये तो बहुतेकदा दिसतही नाही. सूर्य समोर घेतलात तर दिसेल. पॉलिश करूनही जातो. काचेवर सहजासहजी ओरखडा पडत नाही, पण पडला की पॉलिश विसरा. मोठी काच वजनदार आणि महागही, उलट मोठा ॲक्रिलिक डोम वर तरंगू पाहतो नि मनगट दुखवतो. आतल्या बाजूचा ओरखडा मात्र कोणालाच माफ नाही, तिकडे हवा असते.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर अर्धा पाण्याखाली, अर्धा वर असा फोटो काढता येईल?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : वरचा अर्धा येईल. खाली काय दिसणार, तुम्हीच सांगा! गर्दीत डोम घेऊन उतरूही नका. स्वच्छ पाण्यात सराव करायचा तर आठ इंची डोम घ्या. छोट्या डोमवर पाण्याची रेघ जाड येते आणि लाट आली की चौकटच बुडते. फोकस पाण्याखालच्या भागावर धरा, ॲपर्चर एफ ११ च्या पुढे, आणि क्लिक करण्याआधी डोम बुडवून वर काढा.

प्रश्न : नाशिकला घरीच ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) तपासून हाउसिंग बंद केलं, मालवणला मोठा डोम पोर्ट निघता निघेना. ग्रीस कमी पडलं का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ग्रीसचा दोष नाही, घाटाचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे कोंडलेली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सहा-सात टक्के विरळ, आणि आठ इंची डोमवर तेवढा फरक म्हणजे वीस किलोच्या आसपास दाब. पुढच्या वेळी घाट उतरताना ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा. मुक्कामी पोचल्यावर खाच पुसा, रिंग बोटावरून फिरवून केस किंवा वाळूचा कण आहे का बघा, हलकं सिलिकॉन ग्रीस लावा आणि मगच बंद करा. विमानानेही असंच. आणि पहिली बुडी कॅमेऱ्याविना, आत टिश्यू पेपर ठेवून.