कपाट भरलंय, पण घालायला काही नाही

“मॅडम, कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात, आणि तरी रोज सकाळी वाटतं, घालायला काहीच नाही.”

समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी नव्याने लग्न झालेल्या मुलींकडून ऐकलंय, निवृत्तीला आलेल्या शिक्षिकांकडून ऐकलंय, आणि अलीकडे पुरुषही जरा आडवळणाने हेच विचारतात. येतात बहुतेक दुसऱ्याच तक्रारीसाठी. समारंभाला जायचं म्हटलं की चिडचिड होते, ऑनलाइन खरेदी आवरत नाही, चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. बोलता बोलता विषय कपाटापाशी पोचतो आणि मग ओशाळून म्हणतात, “हा काही तुमच्याकडे आणायचा प्रश्न नाही.” मला तो आणायचाच प्रश्न वाटतो. दिवसाची सुरुवातच जर ‘मी काही नीट दिसत नाही’ या विचाराने होत असेल, तर तो विचार आला कुठून हे बघायला हवं.

अशीच एक बाई माझ्याकडे येत होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) बँकेत अधिकारी, चाळिशी ओलांडलेली. बढतीवर पुण्यात बदली झाली होती, नवी शाखा, नवे लोक. रोज सकाळी कपाटासमोर अर्धा तास जायचा आणि शेवटी त्याच दोन-तीन कुर्त्यांपैकी एक अंगावर चढायचा.

“मला कपड्यांचा सेन्सच नाही,” त्या म्हणाल्या. “सगळे उपाय करून झाले. ते ‘कपाटात हे दहा कपडे हवेतच’ असे व्हिडिओ असतात ना, त्याप्रमाणे पांढरा शर्ट घेतला, बेज ट्राउझर घेतली. लेबलसकट पडून आहेत.”

या याद्यांबद्दल थोडं बोलते. मोजक्या, एकमेकांत जुळणाऱ्या कपड्यांचं कपाट, म्हणजे ‘कॅप्सूल वॉर्डरोब’, ही कल्पना 1970 च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फॉक्स यांनी रुजवली. कल्पना चांगलीच आहे. पण तिथल्या हवेला आणि तिथल्या ऑफिसांना सोयीची यादी आपण जशीच्या तशी उचलली, तर आपल्या आयुष्यात तिला जागाच नसते. ज्या बाईला एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून बँकेत जायचं आहे, संध्याकाळी भाजी घेऊन घरी यायचं आहे आणि श्रावणात चार ठिकाणी हळदीकुंकवाला जायचं आहे, तिने बेज ट्राउझर कधी घालावी?

मी त्यांना सांगितलं, “पुढच्या वेळी येताना तुमचे सगळ्यात चांगले कपडे आणू नका. जे विरेपर्यंत घातलेत ते आणा.”

त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. टेबलावर एकेक कपडा निघाला. निळीचे ठसे असलेला सुती कुर्ता. कॉलरची कड विरलेली, कोपराशी बारीक रफू, खिशाचा टाका उसवून पुन्हा घातलेला, तोही वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. मग एक वांगी रंगाचा हातमागाचा कुर्ता. आणि आईची डाळिंबी इरकल, घडीवर विरत चाललेली.

“यांच्यात सारखं काय आहे?”

“जुने आहेत.”

“आणखी?”

त्यांनी कपडे पुन्हा हातात घेतले. “बंद गळा. कुर्त्यांना खिसे आहेत. सगळं सुती.” मग जरा थांबून, “सगळे गडद आहेत.”

“आणि जे कपाटात नुसते पडून आहेत ते?”

“फिके. मोतिया, फिका गुलाबी, आकाशी.”

“ते कोणी निवडले?”

“मीच.” उत्तर पटकन आलं. पुढचं यायला वेळ लागला. “आत्या म्हणायची, सावळ्या अंगावर गडद रंग घालू नये, आणखी काळवंडल्यासारखं दिसतं. लग्नाचा बस्ता बांधायला गेलो तेव्हा मला हिरवा शालू हवा होता. तेव्हाही मोतियाच घेतला.”

मी विचारलं, “संक्रांतीला काळी साडी नेसता?”

“नेसते की! त्या दिवशी चालतं ना. त्या दिवशी कोणी काही म्हणत नाही.”

“कशा दिसता?”

त्यांनी फोन काढला. मला दाखवण्यासाठी म्हणून फोटो शोधू लागल्या आणि शोधता शोधता स्वतःच थबकल्या. स्वतःचे म्हणून जपून ठेवलेले जवळजवळ सगळे फोटो संक्रांतीचे होते. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या घरांतले, पण प्रत्येकात अंगावर काळी साडी आणि चेहऱ्यावर हसू. त्यांचे डोळे भरून आले. “मॅडम, मी वर्षातून एकदाच माझ्या आवडीचं घालते.”

मी बराच वेळ काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाईने अर्थ सांगू नये, हे मी फार जपते. योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला की उत्तर समोरच्या माणसाकडेच सापडतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो विश्वास त्या दिवशी आणखी पक्का झाला, याचं समाधान वाटतं.

त्यांना सेन्स नव्हता असं मुळीच नव्हतं. टेबलावरचे ते तीन कपडे म्हणजेच त्यांची स्टाइल होती, पुरती तयार झालेली. पण ‘तेच तेच काय घालते’ म्हणून त्यांना तिचीच लाज वाटत होती. खरेदी मात्र आत्याच्या वाक्याप्रमाणे चालली होती. गोरेपणा विकणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 2020 साली ‘फेअर’ हा शब्द गेला. घराघरांतली अशी वाक्यं मात्र अजून जायची आहेत, आणि ती बोलणारी माणसं बहुतेक वेळा प्रेमाचीच असतात. म्हणून तर ती मनात इतकी खोल रुतून बसतात.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 पासून मांडायला सुरुवात केली. तिचं सार मी माझ्या शब्दांत असं सांगते : छान दिसावं ही इच्छा निरोगी आहे. ‘मी दरवेळी सगळ्यांना छान दिसलंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ हा आग्रह मात्र आपल्याला पोखरतो. आणि आग्रह नुसत्या चर्चेने सुटत नाही, तो करून बघून सुटतो.

म्हणून आम्ही एक प्रयोग ठरवला. एकाच आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारी तोच निळीचा कुर्ता घालून बँकेत जायचं. किती जण बोलतील याचा अंदाज आधी लिहून ठेवायचा. त्यांनी लिहिलं, “निम्मे तरी.” त्यावर मी त्यांना कॉर्नेल विद्यापीठातला एक अभ्यास सांगितला. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचा फोटो असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात ते साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलं होतं.

गुरुवारी त्यांच्या शाखेत एकीनेच कुर्त्याचा विषय काढला. खिसा बघून तिने शिंप्याचा पत्ता मागितला.

पुढचं काम सोपं होतं, आणि ते कोणीही घरी करू शकतं. कपाट रिकामं करण्यापासून सुरुवात करू नका. त्या उत्साहात चांगलं जातं आणि नको ते राहतं. आधी वारंवार घातलेले कपडे बाजूला काढा आणि गळा, बाही, लांबी, पोत, रंग यांत काय समान आहे ते लिहा. तीच तुमची यादी. नवीन कपडा त्या यादीत बसत नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी पंधरा दिवस थांबा. बसत असेल, तर कपाटातल्या निदान तीन गोष्टींबरोबर जाईल का ते बघा. तयार कपड्यापेक्षा एक चांगला शिंपी जास्त उपयोगाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. आवडत्या कुर्त्याचं माप त्याच्याकडे ठेवा. साड्यांच्या बाबतीत, नीट बसणारे दोन-तीन ब्लाउज, एखादा काळा, एखादा लाल, एखादा मोहरीच्या रंगाचा, डझनभर साड्यांना पुरतात. प्रत्येक साडीमागे मॅचिंग सेंटरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

आहेराच्या साड्यांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे अपराधी वाटतं. ‘वहिनीने दिली, टाकू कशी?’ मी म्हणते, टाकू नका, पण ओझंही बाळगू नका. आहेर घेताना नात्याचा मान राखला गेला, ते काम तेव्हाच पूर्ण झालं. आता ती साडी जिला खरोखर आवडेल तिला द्या, बोहारणीला द्या, मऊ सुती असेल तर गोधडी शिवा. माझ्या या बाईंनी मोतिया शालू मात्र ठेवला. तो डाळिंबी रंगात रंगवून घेतला. (हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.) भाच्याच्या लग्नात तो नेसल्या तेव्हा आत्याने जुनंच वाक्य पुन्हा ऐकवलं. “मी म्हटलं, आत्या, असू दे, मला आवडतो हा रंग,” त्यांनी मला सांगितलं. “आणि खरंच, पोटात गोळा आला नाही.”

सगळ्यांचंच इतक्यावर भागत नाही. खरेदीपायी कर्ज होत असेल, घेतलेलं घरच्यांपासून लपवावं लागत असेल, किंवा आपल्या रंगाचा, नाकाचा, पोटाचा विचार दिवसातले तास खात असेल आणि त्यापायी बाहेर जाणंच टाळलं जात असेल, तर कपाट आवरण्यात वेळ घालवू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर उपचार आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. जाताना घरातलं एखादं विश्वासाचं माणूस बरोबर असेल तर पहिल्या भेटीत बोलणं सोपं जातं.