मुक्कामाचा दिवस कामांतच का सरतो?

प्रश्न : माझे यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी मोटरहोम घेतली असून दिवाळीनंतर महेश्वरच्या परिसरात तिच्यातच सलग राहण्याचा विचार आहे. मध्यंतरी काही दिवस राहूनही पाहिले. प्रवास नसेल तो दिवस वाचनात आणि विणकामात जाईल, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पाणी, भांडी आणि धुणे यांतच संध्याकाळ होते आणि दिवे लावण्याच्या वेळी बॅटरी उतरलेली असते. आमचे नेमके कुठे बिघडते?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : घरी कामांच्या वेळा आपण आपल्या सोयीने ठरवतो, गाडीत त्या टाकीतले पाणी आणि छतावरचे ऊन ठरवते. तेव्हा आधी पाण्याचाच विचार करू.

शहरातील नळयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते. आपल्या गाडीची टाकी शंभर लिटरची असेल, तर त्यात दोघांचे दोन दिवस भागवायचे असतात, आणि सर्वांत मोठी बचत भांड्यांत होते. जेवण होताच, उष्टे वाळण्यापूर्वी, ताटे आणि कढई जुन्या सुती कापडाच्या तुकड्याने पुसून घ्यावीत. हळदीचा आणि तेलाचा थर तिथेच निघाला, की एका घमेल्यात साबणाचे कोमट पाणी आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी घेऊन दोघांची भांडी पाच-सहा लिटरांत निघतात. हे सांडपाणी त्याच्या वेगळ्या टाकीतच साठवावे, नदीत मुळीच सोडू नये. आपल्या इंदूरच्या नळांना येणारे पाणीसुद्धा मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेले नर्मदेचेच आहे, आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जी सवय आपल्या शहराने लावून घेतली आहे, ती घंटागाडी येत नसेल तिथेही सुटू नये, असे मला कळकळीने वाटते. शौचालयाची पेटी सार्वजनिक शौचालयातच, तिथल्या माणसाला विचारून, रिकामी करावी. चादरींसारखे मोठे धुणे गावातल्या लॉन्ड्रीत द्यावे. अंगावरचे कपडे तेवढे रोज सकाळी धुऊन दहाच्या आत वाळत घालावेत.

आता बॅटरी. बारा व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. पण ती जुन्या पद्धतीची, शिसे-आम्लाची असेल, तर निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरले ६०० वॅट-तास. कॉम्प्रेसरवर चालणारा लहान फ्रिज साधारण ५० वॅटचा धरला आणि तो निम्मा वेळच चालला, तरी चोवीस तासांत तेवढी वीज तो एकटाच संपवतो. मिक्सरवर चटणी वाटल्याने विशेष फरक पडत नाही. विजेच्या किटलीने मात्र पडतो, कारण १५०० वॅटची किटली दहा मिनिटांत २५० वॅट-तास घेते. चहा गॅसवरच करावा. एक शंका अशी, की आपण गारव्यासाठी गाडी झाडाखाली उभी करत असाल. सौर पॅनेलच्या थोड्याशा भागावर फांदीची सावली पडली, तरी वीज त्या सावलीच्या मानाने कितीतरी जास्त घटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून गाडी झाडाच्या दक्षिणेला उन्हात ठेवावी आणि आपल्या खुर्च्या झाडाच्या उत्तरेला सावलीत मांडाव्यात. पॅनेलवरची धूळ सकाळी ओल्या फडक्याने पुसावी, आणि मोबाइल, मिक्सर यांची कामे दहा ते दोन या वेळात उरकावीत.

गॅसविषयी थोडक्यात, पण आवर्जून सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी गाडीच्या तळाशी ठेवलेली झरोक्याची जाळी सतरंजीने झाकली जाऊ नये. थंडी कितीही असली तरी शेगडी पेटवून झोपू नये.

एवढे करूनही आपल्याला पुस्तक हाती घेता येईलच असे नाही, कारण आपल्या पत्रात सगळी कामे आपल्याच वाट्याची दिसतात. यजमान निवृत्त झाले आहेत, आपण मात्र झालेल्या नाही. पाणी भरणे, सांडपाण्याची आणि शौचालयाची व्यवस्था, पॅनेल पुसणे आणि एका वेळची भांडी ही कामे त्यांनी कायमची स्वतःकडे घ्यावीत. मदत म्हणून नव्हे, स्वतःचे काम म्हणून. स्वयंपाक सकाळी एकदाच व्हावा, संध्याकाळी खिचडी किंवा सकाळच्या पोळ्या पुरतात. दुपारी एकनंतर दोघांपैकी कोणीही काम काढू नये, राहिले तर ते उद्या होईल.

आपल्याला विणकामाची आवड आहे, म्हणून एखादी दुपार महेश्वरच्या मागांसाठी अवश्य राखून ठेवावी. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात तिथून राज्यकारभार केला आणि विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी साडीच्या काठांवरची बरीच नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेली आहे. ती आधी मागावर नीट पाहून घ्यावी आणि मग उजेड असतानाच घाटावर जाऊन भिंतींवर शोधावी. एका दुपारीत ती सगळी सापडणार नाही.